वाढत्या अंगाची सीट

श्रीरामपूर,
सोमवार, दुपारची भांडी आवरून

ती. स्व. सुकन्यावन्सं यांस,
धाकट्या भावजयीचा, मार्थाचा, येशूच्या नावाने सलाम.

तुम्ही सोनईहून पाठवलेलं सगळं सामान पोचलं. ते असं: भुईमुगाच्या शेंगा एक गोणी (वरच्या टपोऱ्या, तळच्या जरा किडक्या, पण तुम्ही मुद्दाम तशा भरल्या नसणार), कैरीचं लोणचं एक बरणी, बरणी परत करायची आहे हे लक्षात आहे, गोधडीसाठी जुनी साडी एक, आणि कुत्रा एक, जिवंत. दुधाच्या टेम्पोवाल्याने सगळ्याचे मिळून दोनशे घेतले. वेगवेगळं करून सांग म्हटलं तर म्हणाला, गोणीचे ऐंशी नि कुत्र्याचे एकशेवीस. वजन गोणीचं जास्त, मग पैसे कुत्र्याचे जास्त कसे, असं मी विचारलं. तो म्हणाला, "बाई, गोणी वाटभर माज्यावर भुकली न्हाई." ते मला पटलं आणि मी दिले. जमाखर्चात मात्र कुत्रा कुठल्या सदरात मांडावा ते अजून कळलेलं नाही. 'किराणा' म्हणावं तर खाता येत नाही, 'पाहुणे' म्हणावं तर जायचं नाव नाही. सध्या 'गाडी दुरुस्ती'खाली मांडला आहे. तसं का, ते पुढे येईलच, आणि पोच कळवायला एवढा उशीर का झाला तेही त्यातच येईल.

तुमचे गुडघे कसे आहेत? ओव्याचं तेल लावता की बाटली तशीच फळीवर आहे? कानाचं मशीन घालत जा, नुसतं डबीत ठेवून ऐकू येत नाही. आम्ही उभयता प्रभूच्या कृपेने बरे आहोत. हे पत्र संडे स्कूलच्या परीक्षेच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे, वर 'विद्यार्थ्याचे नाव' आणि 'मिळालेले गुण' छापलंय तिकडे लक्ष देऊ नका. फोन का केला नाही म्हणाल, तर तुमच्या बंधूंचा फोन गाडीत काचेला चिकटवलेला असतो आणि माझ्या फोनला स्पीकरवर टाकल्याशिवाय आवाज येत नाही. त्यात तुम्ही बोलता ते सोनईहून फोन न लावताच ऐकू येईल असं. काही गोष्टी पाकिटात बंद करून पाठवलेल्या बऱ्या.

विचारायचं आहे ते एवढंच, की मुकादमचं (म्हणजे त्या कुत्र्याचं) वय नक्की किती, आणि तो अजून वाढणार आहे की झाला तेवढाच? प्रश्न लहान वाटेल, पण गाडीत ह्यांच्या शेजारी मला जागा राहणार की नाही हे त्यावर ठरणार आहे. कुत्र्याच्या वयाचा आणि माझ्या जागेचा काय संबंध, हे मलाही रोज सकाळी नव्याने समजून घ्यावं लागतं. तेव्हा मक्याच्या शेतापासून सांगते.

मक्याच्या शेताचं ह्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं ते अर्धंच. राजूरच्या बाजाराला अंडी न्यायची लाइन ह्यांनी धरली तेव्हापासून मी बाजाराच्या दिवशी पिकअपमध्ये बरोबर जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. सुटे पैसे मी सांभाळते, तडकलेली अंडी मी बाजूला काढते आणि वाटेत ह्यांना झोप लागू नये म्हणून बोलत राहते. ते माझं कामच आहे, त्याचे कुणी पैसे देत नाही तो भाग वेगळा. त्या दिवशी मी आमच्या मावसभावाच्या लग्नात मटण कमी पडलं होतं ती गोष्ट सांगत होते. मांडव, पाहुणे, नवरीची आत्या रुसली ते, सगळं पहिल्यापासून घेतलं होतं. मटण कमी पडल्याचं आचाऱ्याच्या लक्षात आलं तिथपर्यंत आले आणि पाहते तर रस्ता उजवीकडे चाललाय नि आम्ही सरळ. गाडी बांधावरून मक्यात शिरली, मक्यातून हळूच पुढे जाऊन कडब्याच्या गंजीला टेकली आणि थांबली. प्रभूने सांभाळलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अंड्यांचं विचारू नका. शेतकरी धावत आला, आजूबाजूची माणसं जमली, कुणी पाणी दिलं, आणि झालं काय असं विचारलं, तर तुमचे बंधू एवढ्या लोकांत शांतपणे म्हणाले, "हिचं ऐकता ऐकता डोळा लागला."

वन्सं, इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या बोलण्याने हे जागे राहतात. मग आजवर ते जागे कशाने राहत होते? आणि इतक्या वर्षांत एकदाही कसं सांगितलं नाही? हे विचारलं तर म्हणतात, "तू बोलत होतीस ना."

तर ही बातमी तुमच्यापर्यंत गेली आणि तुम्ही मुकादमला पाठवलंत. फोनवर तुम्ही म्हणालात की ऊसतोडीची माणसं दुपारी बाभळीखाली जरा आडवी झाली की हा प्रत्येकाच्या तोंडाशी जाऊन भुंकतो, म्हणून त्यांनीच त्याचं नाव मुकादम ठेवलं. कुणी डोळा मिटलेला ह्याला खपत नाही, शांतवनला (म्हणजे ह्यांना) गाडीत असाच पाहिजे. शेवटी हेही म्हणालात, की जरा लहान आहे, सांभाळून घ्या. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.)

गुणाचा तुम्ही म्हणालात तसाच निघाला. मी जेवल्यावर घटकाभर पाठ टेकते, तर हा उशाशी येऊन भुंकतो. प्रार्थनेला डोळे मिटले तरी भुंकतो. हल्ली मी एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करते, प्रभू समजून घेत असावा.

आता ह्याला गाडीत कुठे ठेवायचं? पहिल्या फेरीला मागे हौद्यात, अंड्यांच्या ट्रेशेजारी बांधला. राजूरला पोचून ताडपत्री उचलली तर हा ट्रेवर ऐसपैस बसलेला. एकही अंडं फुटलं नव्हतं, नाही म्हणणार नाही. पण ताडपत्री गिऱ्हाइकांसमोर उचलली गेली, आणि हॉटेलवाल्याने अंडं हातात घेऊन खालीवर बघत विचारलं, "दादा, ही अंडी कोंबडीचीच ना?" शिवाय मागे बसून ह्यांची झोप त्याला दिसणार कशी? म्हणून पुढच्या फेरीला पुढे घेतला, माझ्या सीटवर, माझ्या मांडीवर. वळण आलं की तो गिअरवर घसरायचा. ह्यांनी जांभई दिली की माझ्या मांडीवरून उडी मारून स्टिअरिंगवर पाय. जुन्या लुगड्याची चिंधी करून बांधला, तर चिंधी तोंडाने सोडली आणि पुढे ती खाल्लीही. तेव्हा पिकअपच्या केबिनमध्येच त्याच्यासाठी काहीतरी पक्की सोय करून घ्यायची ठरली.

इथून पुढे माझं डोकं चालत नाही, तेव्हा तुम्हीच वाचून काय ते समजून घ्या. कॉलनीच्या टोकाला सहादेव मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान आहे. फाटकं, उसाच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या सगळं करतो. मी त्याला म्हटलं, कुत्र्यासाठी गाडीत जागा करायची आहे. माझ्या मनात होती सीटच्या मागची फट, जिथे जॅक नि ताडपत्रीची दोरी असते. ह्यांनीही त्याला तेच सांगितलं, की कुत्र्यासाठी गाडीत जागा करायची आहे. ह्यांच्या मनात होती सीटची जागा. मिस्त्रीला वाटलं नवराबायकोचं घरी बोलणं झालं असेल. ह्यांना वाटलं बायकोचं मिस्त्रीशी झालं असेल. मला वाटलं सीट आहे तिथे सीटच असते, त्यात बोलायचं काय?

माप मी दिलं. टेप विकत आणायची काही गरज नव्हती, घरात सुतळी होती. मुकादम भाकरी खात असताना नाकाशी एक गाठ नि शेपटीच्या मुळाशी एक गाठ मारली. आणि मग माझ्यातली काटकसर जागी झाली. आपण पोरांचे शाळेचे कपडे कधी अंगाबरोबर शिवलेत का? चड्डीला दुमड ठेवायची, झग्याला खाली चार बोटं उसवायला ठेवायची, म्हणजे दोन वर्षं बघायला नको. तुम्ही म्हणाला होतात लहान आहे. मी त्याचे पंजे पाहिले, चांगले मोठे. ज्या पोराचे पाय मोठे त्याचं अंग भरतं, हे आपण घरात पाहिलंय. म्हणून मिस्त्रीला म्हटलं, वाढत्या अंगाचं करा, एकदाच काय तो खर्च. मिस्त्रीने विचारलं, "किती वाढंल, बाई?" मी सुतळीला आणखी पुढे एक गाठ मारून दिली. अंदाजानेच मारली, पण मोठ्या मनाने.

गाडी आणायला गेलो तेव्हा मिस्त्रीने नव्या कामाला नियमाप्रमाणे लिंबू-मिरची बांधली होती. मी म्हटलं, सहादेवभाऊ, आमच्यात हे बांधत नाहीत. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की, कुत्र्याला कुटं धर्म हाय?" मी सोडून घेतली. लिंबाचं सरबत झालं, मिरच्या ठेच्यात गेल्या, आणि मिस्त्रीचं मन मोडायला नको म्हणून सरबतातलं अर्धं त्यालाच दिलं. मग दार उघडलं आणि आत पाहिलं.

सीट नव्हती. माझी सीट, जिच्यावर बसून मी इतकी वर्षं राजूरला गेले, ती नव्हतीच. तिच्या जागी दारापासून गिअरपर्यंत पत्र्याचा ओटा, वर रबराची चटई, खिडकीला जाळी, पट्टा अडकवायला कडी, पाण्याच्या वाटीला गोल रिंग, आणि समोर, डॅशबोर्डच्या वर, धरायला आडवा पाइप. (कुत्रा पाइप कशाने धरणार, असं मी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "डिझाइनमदी असतोय." मी मॅट्रिक असले तरी डिझाइनमधलं मला कळत नाही.) मुकादम ऐटीत चढला, खिडकीपाशी बसला, आणि बसल्यावर कळलं की ओटा त्याला दुप्पट झालाय. मी म्हटलं, वाढेल. हे म्हणाले, वाढेल. मिस्त्री पैसे मोजायला लागला.

काढलेली सीट ह्यांनी मागे हौद्यात घालून घरी आणून ओसरीवर ठेवली, टाकून काय द्यायची म्हणून. पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडी राजूरला गेली आणि मी त्या सीटवर तांदूळ निवडत बसले. सीट घरी, मी घरी, आणि हे नि कुत्रा संगमनेरच्या पुढे. समोरून एक बस वळण घेत गेली तर माझा हात आपोआप वर कडी धरायला गेला. वर कडी नव्हती, वाळत घातलेला टॉवेल होता. शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, "काय ओ, कुटं निघाला?" लोणीपर्यंत, म्हटलं.

मग रविवारी चर्चला जायचं होतं. रिक्षाला उगाच पैसे कशाला, म्हणून मुकादमला खिडकीकडे सरकवलं आणि वाढीच्या जागेत मी बसून पाहिलं. आणि वन्सं, खोटं वाटेल, पण ती जागा मला बरोबर झाली. ना कमी ना जास्त. पाय सोडता आले, पदर आवरता आला, पाइपही नेमका हाताशी आला. मी खूष होऊन बोलायला लागले. स्टेशनच्या फाटकापर्यंत येतो तर मुकादम माझ्या मांडीवर डोकं टाकून घोरायला लागला. ज्या कुत्र्याला कुणाचा डोळा मिटलेला खपत नाही, तो कुत्रा! हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ. आता दोघंबी." आणि स्वतः जांभई दिली. म्हणजे ह्यांना जागं ठेवायला कुत्रा आणायचा, कुत्र्यासाठी माझी सीट काढायची, आणि मी बसले की कुत्रा झोपणार. ह्यातलं कोण कशासाठी आहे, हे मला कुणीतरी कागदावर मांडून द्यावं.

माझा आवाज नसला की मात्र तो आपलं काम करतो. गाडी चर्चच्या खिडकीखाली लावली होती. पाळकसाहेबांचा उपदेश रंगात आला तसे पुरुषांच्या बाजूचे दोन-तीन वडीलधारे पेंगायला लागले आणि बाहेरून मुकादमने खिडकीच्या जाळीतून त्यांच्यावर भुंकायला सुरुवात केली. एकेक माणूस दचकून उठला, आप्पासाहेबांनी तर झोपेतच "आमेन" म्हटलं. उपासना संपल्यावर पाळकसाहेब आमच्यापाशी आले, आम्हाला वाटलं रागावणार. त्यांनी मुकादमकडे बघत हळूच विचारलं, "दर रविवारी आणता येईल का?" ह्यावर हसावं की ओशाळावं, तेही मला कळलं नाही.

आता मूळ मुद्दा. गेल्या चार दिवसांपासून हे घोकत आहेत, की ओट्यावर अर्धी जागा रिकामी जाते, तिथे सहादेवकडून रॅक मारून घेतो, अंड्यांचे ट्रे जास्त बसतील, मागच्यांना धक्के बसतात, पुढे बरे. हिशोबाने पाहिलं तर ह्यांचं बरोबर आहे, आणि हिशोब मीच ठेवते, त्यामुळे नाही म्हणायला मला तोंड नाही. एवढंच म्हणाले, की मुकादम वाढल्यावर काय करणार, तेव्हा रॅक पुन्हा कापणार का? त्यावर हे म्हणाले, "मग आक्काला लिही. तिच्याकडचं कुत्रं, तिला वय म्हाईत असंल. वाढनार नसंल तर मारतो रॅक." म्हणून हे पत्र. मुकादम वाढणार असेल तर जागा राहील, आणि तो वाढेपर्यंत तिथे कुणी बसलं तर जागेचं काय बिघडतं? वाढणार नसेल तर रॅक येईल, आणि मग मी कायमची ओसरीवर.

तरी वय कळवावे. गुडघ्यांना जपा, शेंगा फार पाठवू नका, बरणी येत्या टेम्पोने पाठवते. तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते (एक डोळा उघडा ठेवून).

तुमची आज्ञांकित भावजय,
मार्था

ताजा कलम: वर लिहिलं ते सगळं खरं आहे, फक्त एक गोष्ट राहिली. जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई गेल्या आठवड्यात कॉलनीत लस टोचायला आल्या होत्या. त्यांनी मुकादमचे दात पाहिले आणि म्हणाल्या, पाच-सहा वर्षांचा तरी आहे, आता वाढला तर पोटानेच. हे तेव्हा बाजारात होते. मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं नाही म्हणजे खोटं बोलले असं होत नाही, विचारलंच नाही कुणी. पण तुम्ही 'लहान आहे' म्हणालात ते कशावरून, हेही मला एकदा समजून घ्यायचं आहे.

दुसरा ताजा कलम: सोबत पत्ता घातलेलं कोरं पोस्टकार्ड आहे. (जिल्ह्याचं नवं नाव घातलंय, जुनं कंसात, म्हणजे चुकायला नको.) उत्तर ह्याच कार्डावर लिहा, पाकिटात नको, कार्ड उघडं असतं, हे पोस्टमनच्या हातून घेतानाच वाचतात. खोटं लिहा असं मी तुम्हाला कधी सांगणार नाही, तुम्ही चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा होतात. 'प्रभूची इच्छा असेल तर वाढेल' एवढंच लिहा. ह्यात खोटं काय आहे? प्रभूच्या मनात आलं तर काय होत नाही?

तिसरा ताजा कलम, बुधवारी: काल पाकीट चिकटवायला घेतलं आणि सहादेव मिस्त्री माझी सुतळी परत द्यायला आला. (चांगला माणूस आहे, सुतळी कुणी परत देत नाही.) मी सहज विचारलं, रॅक कधी मारताय? तो म्हणाला, "कसला रॅक? मला न्हाई बोललं कुनी." मी म्हटलं, कुत्रा वाढणार नसेल तर रॅक मारायचाय ना? तो हसायलाच लागला. म्हणाला, "बाई, शांतवनदादांनी गाडी लावली त्याच दिवशी कुत्र्याचं त्वांड उघडून दात दाखावलं मला. म्हनले, हे आता वाढायचं न्हाई, पर ती म्हनती तेवढी जागा ठीव. आनि तो पाइप बी त्यांनीच लावाया सांगितला. कुत्र्याला कशाला लागतोय पाइप?"

वन्सं, आता तुम्हीच सांगा. ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तर माझ्याबरोबर "वाढेल, वाढेल" कशाला म्हणाले? रॅक मारायचाच नव्हता, तर चार दिवस रॅक रॅक म्हणून माझी झोप का घालवली? जागा माझ्यासाठीच ठेवली होती तर "ये, बस" एवढे दोन शब्द बोलायला काय होतं? आणि ते मला माहीत झालंय हे मी ह्यांना सांगावं, की ह्यांनी जसं नाही सांगितलं तसं मीही नाही सांगावं?

काही न सांगता आज बाजाराला बरोबर गेले. ह्यांनी मुकादमला खिडकीकडे सरकवलं फक्त. मी ठरवूनच गेले होते की तोंड उघडायचं नाही. दोघं झोपले तर पुन्हा मक्यात जायचं आणि ह्या वेळी कडब्याची गंजही नसायची. पाइप धरून बसले, तोंडात लवंग ठेवली. बाभळेश्वर गेलं, लोणी गेलं. ह्यांनी एक जांभई दिली, मुकादम भुंकला. दुसरी दिली, पुन्हा भुंकला. मग हे समोर बघतच म्हणाले, "त्या मटणाचं पुढं काय झालं?"

मी म्हटलं, कुठल्या?

"तुझ्या मावसभावाच्या लग्नातलं. आचाऱ्याच्या ध्यानात आलं, इथवर आलीस. मग मका आला."

लवंग थुंकून सांगायला घेतलं. मुकादम लगेच झोपला. हे संगमनेर येईपर्यंत टक्क जागे होते, मधे मधे "मग?" म्हणत होते. पण अकोल्याच्या अलीकडे माझी गोष्ट अडली. नवरीची आत्या रुसली, आचारी डोक्याला हात लावून बसला, हे सगळं मी पाहिलेलं. पण पंगत उठायच्या आत मटण पुरलं कसं, हे मला कधी कळलंच नाही. त्या लग्नात कोठी तुमच्याकडे होती, दाराशी उभ्या राहून आत कुणाला सोडत नव्हता. ह्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, पुढचं पुढच्या बाजाराला.

तेव्हा कार्डावर मुकादमचं लिहायचं ते लिहाच, कारण ह्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे, हे ह्यांना माहीत नाही, आणि तसंच राहिलेलं बरं वाटतं. पण वेगळ्या पाकिटात, माझ्या नावाने, त्या मटणाचं काय केलंत ते सगळं लिहा. कुणाला पाठवलं, कुठून आणलं, आत्या कशी जेवायला बसली, काही गाळू नका. अकोल्यापासून राजूरपर्यंत पुरायला पाहिजे. बाजार पुढच्या आठवड्यात आहे, उलट टपाली कळवा.